मोक्षधामातला ठराव

अमरने बापाच्या चितेला अग्नी दिला आणि माणसं मोक्षधामातल्या टिनाच्या शेडखाली शोकसभेला जमली. गावचा रिवाजच तसा. चिता पेटली की चार जणांनी मेलेल्याबद्दल चार शब्द बोलायचे, दोन मिनिटं शांत उभं राहायचं आणि घरची वाट धरायची. मारोतराव खांबाला टेकून उभे होते. त्यांना एकच गोष्ट बोलायची होती, आणि ती चारचौघांतच बोलायची होती.

ते आणि गेलेले सदाशिवराव, दोघेही नगरसेवक. पक्ष वेगळे, पण सकाळचा चहा रहमतच्या टपरीवर एकत्र. तिथे रोज कडाक्याचा वाद व्हायचा आणि चहाबरोबर संपायचा. पोळ्याच्या सुमारास नगरपरिषदेत दोन ठराव एकाच सभेत आले: दिग्रस रोडवरच्या कापसातून सरकी काढायच्या नव्या जिनिंग कारखान्याला पाच वर्षं करमाफी आणि गावाच्या घरपट्टीत वाढ. सदाशिवराव म्हणाले, गरिबाच्या कुडाच्या घरावर कर आणि शेठच्या कारखान्याला माफी, हा कुठला न्याय? मारोतराव म्हणाले, कारखाना आला तर पोरं पुण्याला पळणार नाहीत. इथवर टपरीवरचंच होतं. पण त्या दिवशी मागे दोन्ही पक्षांची माणसं टाळ्या पिटत बसली होती, आणि टाळ्यांच्या भरात मारोतराव बोलून गेले, की नवा कारखाना येऊ नये म्हणून जुन्या जिनवाल्यांनी सदाशिवला पैसे चारलेत.

चारले नव्हते. हे मारोतरावांइतकं गावात कुणालाच ठाऊक नव्हतं.

ठराव दोन्ही मंजूर झाले, आणि तेव्हापासून अबोला. मारोतराव चहाला बसस्टँडवर जाऊ लागले. आज बोलू, उद्या बोलू करता करता कापूस वेचणीला आला, आणि काल दुपारी सदाशिवराव जेवता जेवता गेले.

शोकसभेत पहिले उठले भगवानराव, सदाशिवरावांच्या पक्षाचे शहराध्यक्ष. त्यांनी सुरुवात बरी केली. डोळेही पुसले. पण माईक नसला तरी पुढाऱ्याचा हात माईक धरल्यासारखा वर जातोच. घरपट्टी कमी व्हावी, शेठची करमाफी रद्द व्हावी, हीच सदाशिवरावांना खरी श्रद्धांजली, असा ठराव त्यांनी तिथल्या तिथे मांडला आणि हात वर करायला सांगितलं. भराभर हात वर गेले. एकदोन म्हाताऱ्यांना उभं राहायचंय की हात वर करायचाय ते कळेना, त्यांनी दोन्ही केलं.

मग मारोतरावांच्या पक्षाचा रजत उठला. वयाने लहान, पण गडी तयार. दुःखाच्या प्रसंगी राजकारण नको, असं म्हणून त्याने जिनिंगमध्ये किती हातांना काम मिळणार ते सांगायला घेतलं. तिकडून कुणी ओरडलं, इकडून कुणी उत्तर दिलं. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारी माणसं मारोतरावांनी पुष्कळ पाहिली होती. लोणी कुणाच्या वाट्याचं यावरून मसणात भांडणारी आजच पाहिली. अमर चितेजवळ ओल्या धोतराने एकटाच उभा होता.

ते पाहून मारोतराव पुढे झाले. रजतला हायसं वाटलं. "बोला काका, पक्षाकडून दोन शब्द बोला," तो म्हणाला.

"मी पक्षाकडून नाई आलो. मी घरून आलो." मारोतराव सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "सभेत मी सदाशिवले पैसेखाऊ म्हनलो. ते खोटं होतं. त्यानं कोनाचा एक रुपया कधी घेतला नाई."

आणि मग भगवानरावांच्या माणसांनी टाळ्या वाजवल्या.

टाळ्या वाढल्या. मोबाइल वर आले. पाहा, त्यांच्याच माणसाने कबूल केलं, असं भगवानराव सगळ्यांना सांगू लागले. कुणी तरी मारोतरावांचा हात धरून फोटोसाठी वर उचलला. रजत आपली माणसं घेऊन पाय आपटत निघाला, आणि जाताना काकांकडे त्याने पाहिलंही नाही. घोषणा देत दुसरा घोळका फाटकाबाहेर पडला. दोन मिनिटं शांत उभं राहायचं राहूनच गेलं.

अमर शेडपाशी आला. रागावला नव्हता. रागावला असता तर बरं झालं असतं, असं मारोतरावांना वाटलं.

"काका," तो म्हणाला, "हे बाबाले सांगाचं होतं."

मारोतरावांनी मान हलवली. नातेवाइकांनी अमरला अंघोळीसाठी नळावर नेलं.

मारोतराव चितेच्या जितकं जवळ जाता येईल तितकं गेले. धग तोंडावर येत होती. माफी मागावी म्हणून त्यांनी तोंड उघडलं, पण ती आता टाळ्यांत विटाळून गेली होती, तोंडातून निघेना. निघालं ते भलतंच.

"तरी बी सद्या, जिनिंगचं माह्यंच बरोबर होतं," ते ज्वाळेकडे पाहून म्हणाले. "तुह्या अमरले गावातच काम भेटन. सांग, नाई भेटन काय?"

आणि टपरीवर सदाशिवच्या उत्तरासाठी थांबायचे तसे, मान थोडी तिरकी करून ते थांबले.