फळीवरचा पंप

हदगावचे शेषेराव मिस्त्री काढलेला पार्ट कधी फेकत नसत. भाचा सत्यमच्या गाडीचं फ्युएल इंजेक्शन काढून त्यांनी कार्बोरेटर बसवला, आणि पेट्रोलच्या टाकीतला पंप फळीवर ठेवला.

"मामा, ते भंगार कशाला?"

"तू नीघ. लातूरला पोचला की फोन कर."

सत्यमनं चावी फिरवली, तसा फळीवरचा पंप वायरीवाचून गुणगुणू लागला. इंजिन चालू असेतोवर चालायचं, हेच त्याचं काम. गाडी दिसेनाशी झाली तरी तो चालूच.

दुपारी फोन आला. "पोचलो मामा. गाडी खाली लावली, चावी खिशात हाय."

"मग हा पंप का बंद होईना रे? तुझं इंजिन अजून चालूच हाय म्हणतोय हा."

"कोणता पंप?"

तेवढ्यात पंप थांबला.

"थांबा मामा," सत्यम म्हणाला, "दारात कुणीतरी आलंय."