बारा शब्दांचं रेकॉर्डिंग

"बाबा, हे रेकॉर्डिंग आजच पुसून टाका. मोबाइल चोराच्या हाती लागला, तर या बारा शब्दांनी तो आईचं क्रिप्टोचं वॉलेट उघडून रिकामं करेल," मुलगी म्हणाली.

चष्मा सापडेना म्हणून बायकोने ते शब्द कागदावर न लिहिता मोबाइलमध्ये बोलून ठेवले होते. सातव्या शब्दाला ती अडखळली होती आणि "अगंबाई!" म्हणत खुदकन हसली होती. ती गेल्यावर तिचा आवाज एवढाच उरला होता. पुसायला त्यांचं बोट धजेना.

"दुसरं वॉलेट उघडून सगळं त्यात हलवता येईल का गं?"

"येईल की. त्याचे शब्द वेगळे असतील. हे जुने मग कुणाच्याच कामाचे नाहीत."

"मग ऐकू दे चोराला तिचं हसणं," ते म्हणाले.