आपली माणसं

"आक्का, कुठलं तरी यंत्र पासवर्ड टाकून टाकून आपल्या सर्व्हरवर शिरू बघतंय," नाशकाहून सून फोनवर सांगत होती. "पासवर्डच बंद करते. आपल्या माणसांना तेवढी किल्ली ठेवते, ज्याच्या कॉम्प्युटरवर ती फाईल असेल तोच आत येईल. नावं सांगा."

घरच्या तिन्ही मसाला-दुकानांचा हिशेब त्यावरच होता. थोरला मुलगा वारल्यावर सून माहेरी राहायची, पण सर्व्हर तिथून तीच सांभाळायची. आक्कांना ते माहेर सलत होतं. त्यांनी मुलगे, पुतणे, जावई, सगळ्यांची नावं ठसक्यात घेतली.

"आणि मी?"

"माहेर धरलंस, तेव्हाच तुझं नाव गेलं."

"बरं." पलीकडे जरा वेळ बटणं वाजली. "माझी किल्ली काढली, आक्का. आता बाहेरचं कुणी येणार नाही."

"उद्या काही अडलं तर?" धाकट्यानं विचारलं.

"घरात एवढी माणसं आहेत की," म्हणत आक्कांनी सगळ्यांकडे पाहिलं.

एकानंही मान वर केली नाही.