विनंती विशेष

“फाईलला हात लावायचा नाही,” प्लांटचे मॅनेजर रावसाहेब म्हणाले. “एक अक्षर खोडायचं नाही की घालायचं नाही. आपल्याला खोटं काही करायचंच नाहीये, सुनयना. फक्त प्रिंट काढताना एका नोंदीला एकच ओळ. चौकशीवाले साहेब तीनला येतायत, त्यांना वाचायला सोपं पडेल.”

सुनयनाला कळायचं ते कळलं. दिघ्याजवळच्या त्या केमिकल कंपनीत आठ वर्षं ती कंट्रोल रूमच्या नोंदी छापत आली होती. साध्या टेक्स्ट फाईली. काळ्या स्क्रीनवर एका ओळीची कमांड मारायची, की मजकूर पानांत बसून प्रिंटरकडे जायचा. ओळ लांब असली तर उरलेलं आपोआप खाली उतरायचं. पण त्याच कमांडमध्ये एक ‘सी’ वाढवला, की ऐंशी अक्षरांच्या पुढचं सगळं कापलं जायचं. फाईलमध्ये जिथल्या तिथे, कागदावर गुल! आणि सरकार कागद वाचतं, फाईल कोण मागतंय?

आता मंगळवारच्या नोंदी बघा. सकाळी सहा चाळीसपासून पुढच्या तासाभरात ऑपरेटर हौसेराव साळुंखेच्या नऊ. माणूस साताऱ्याकडचा. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचा, आणि लिहायचा तेही गावाकडे पत्र धाडल्यासारखं. प्रत्येक नोंदीची सुरुवात ठरलेली: ‘माननीय साहेबांना हौसेराव साळुंखेचा साष्टांग नमस्कार, विनंती विशेष की’. कामाचं काय ते त्यानंतर. अख्खी कंट्रोल रूम त्याला चिडवायची, “हौसेराव, लग्नपत्रिका छापताय काय?” तो म्हणायचा, “वरच्या मान्साला लिवताना रीत पाळावी.” बिचाऱ्याने रीत अशी पाळली होती, की सुरुवातीचा वेळेचा आकडा धरून ‘विशेष’च्या शेवटच्या अक्षराला बरोबर ऐंशी भरत होते. सुनयनाने स्क्रीनवर बोट ठेवून मोजले. दोनदा मोजले.

आणि ऐंशीच्या पुढे? चार नंबरच्या टाकीचा दाब चढतोय, लाइन बंद करू का. रावसाहेब फोनवर म्हणाले, चालू ठेव. दाब अजून चढला. रावसाहेब म्हणाले, माल जाऊ दे, मग बघू. असं नऊ वेळा. मग पाइप फुटला आणि दहावी नोंद करायला हौसेराव उरला नाही. दुसऱ्या दिवशी गेटवर कंपनीची नोटीस लागली, दाब वाढल्याचं ऑपरेटरने कुणालाही कळवलं नव्हतं म्हणून. माणूस तर गेलाच, वर खापरही त्याच्याच डोक्यावर!

“माझ्याच्याने नाही होणार, सर.”

“का नाही? दर मार्चला माझ्या सहीने तुझं कॉन्ट्रॅक्ट वाढतं, ते बरं होतं?” रावसाहेबांचा आवाज जरासुद्धा चढला नाही. “उगाच टेन्शन घेऊ नकोस. मार्च आलाच आहे. बघ बाई, तुझं तू ठरव.”

सुनयनाला त्या माणसाची किळस आली. त्याहून जास्त स्वतःची आली, कारण बोटं केव्हाच चालायला लागली होती. तिने ‘सी’ घातला.

तीन वाजता मीटिंग रूममध्ये चौकशीवाले साहेब होते, रावसाहेब होते, आणि जबाबाला बोलावलेली हौसेरावची बायको वेणूबाई खुर्चीच्या कडेला टेकून बसली होती. सुनयनाने प्रिंट टेबलावर ठेवली आणि वळली, तर साहेबांनी तिला थांबवलं.

“साष्टांग नमस्कार, विनंती विशेष,” साहेबांनी मोठ्याने वाचलं. “खाली परत तेच. अहो, हे काय? नऊ वेळा नुसता नमस्कार?”

“जुनी माणसं, साहेब,” रावसाहेब हसले. “उठता-बसता नमस्कार घालणारी.”

“न्हाई साहेब,” वेणूबाई म्हणाली. “सात वाजता फोन केलता त्यांनी मला. म्हनले, टाकीचं काय खरं न्हाई, पर तू घोर लावून घिऊ नगं, मी समदं लिवून ठिवतोय.”

“बाई, लिहिलं असतं तर इथे दिसलं असतं ना.” साहेब सुनयनाकडे वळले. “प्रिंट तुम्हीच काढलीत? याच्यापुढे आणखी काही आहे?”

‘आहे’ तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. रावसाहेब तिच्याकडे बघतसुद्धा नव्हते, एवढी त्यांना खात्री.

“कागदावर एवढंच आहे, साहेब,” ती म्हणाली.

साहेबांनी मान हलवली आणि शेरा लिहिला: पूर्वसूचना दिल्याची नोंद आढळली नाही. पेन बंद करून त्यांनी चहाचा कप जवळ ओढला.

वेणूबाईने तो कागद स्वतःकडे फिरवून घेतला. इंग्रजीतलं नवऱ्याचं नाव तेवढं तिला ओळखता यायचं. त्या नावावर बोट ठेवून ती पुढे पुढे सरकत गेली. ओळ संपली, कागद संपला, तरी बोट थांबलं नाही. टेबलावरून सरकत ते सुनयनासमोर येऊन थांबलं.

“ताई, नमस्कार हाय, तर मागनं कुटं हाय? ‘विनंती विशेष’ म्हनून मानूस गप बसतंय व्हय?”