अजून तयार नाही

"नाही, राजी. ती अजून तयार नाही," प्रशिक्षक येसाजी अण्णा म्हणाले. राजलक्ष्मीनं पुढं केलेला निवडीचा फॉर्म त्यांनी हातातही घेतला नाही.

देवनहळ्ळीच्या मैदानावर सकाळचे नऊ वाजले होते. राजलक्ष्मी इथं बारा वर्षांनी पाऊल टाकत होती. एका व्यावसायिक महिला हॉकी संघासाठी ती खेळाडू निवडायची. आठवड्यापूर्वी तिच्या फोनवर एक व्हिडिओ आला होता, पाठवणाऱ्याचा नंबर अनोळखी. त्यात हर्षिता नावाची अठरा वर्षांची बचावपटू खेळत होती. तिला बघायला येतेय, असं राजलक्ष्मीनं परवाच त्या नंबरवर कळवलं होतं. संघात बचावाची एकच जागा रिकामी होती आणि आज संध्याकाळी पाचला यादी बंद होणार होती.

"व्हिडिओत सगळ्याच चांगल्या दिसतात," अण्णा म्हणाले. "फॉरवर्ड अठराव्या वर्षी तयार होते. बचाववाली तेविसाव्या. स्वल्प थांब की."

राजलक्ष्मीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हेच वाक्य याच माणसानं तिला एकोणिसाव्या वर्षी ऐकवलं होतं. चार वर्षं तिला जाऊ दिलं नाही. शेवटी तेविसाव्या वर्षी ती मोठ्या संघात गेली आणि पंचविसाव्या वर्षी गुडघा गेला. दोन हंगाम, बस्स. "तुम्ही माझी चार वर्षं खाल्लीत," असं निघताना तोंडावर सांगून ती जी गेली, ती पुन्हा त्यांच्याशी बोलली नव्हती.

"पुढच्या महिन्यात तुमची स्पर्धा आहे, म्हणून ठेवून घेताय. सरळ सांगा की, अण्णा."

"स्पर्धा तर आहेच की. पण पोर कच्ची आहे, हेही खरं." हर्षिता चार हातांवर नडगीला पट्टे बांधत होती, तरी अण्णांनी आवाज खाली केला नाही. "डाव्या बाजूला लंगडी पडते. पेनल्टी कॉर्नरला डोकं न वापरता चेंडूच्या अंगावर धावते. वर मलाच उलट बोलते."

"मागून सगळं मैदान तिलाच दिसतं. तिनं नाही बोलायचं तर कुणी बोलायचं?"

"विश्वास नाही ना? बघ मग."

अण्णांनी शिट्टी फुंकली. मुलांच्या संघातले सगळ्यात चपळ दोन फॉरवर्ड बोलावले आणि त्यांच्यासमोर हर्षिताला एकटीला उभं केलं, तेही डाव्या बाजूला. राजलक्ष्मीनं दात खाल्ले. पोरीची फजिती करून आपला शब्द खरा करायचा, एवढंच या माणसाला जमतं, असं तिला वाटलं.

पहिल्याच चढाईत हर्षिता फसली. चेंडू तिच्या स्टिकखालून निसटला.

राजलक्ष्मी चेंडूकडे बघतच नव्हती. बचावपटू अडवते कशी, यापेक्षा हुकल्यावर ती काय करते, हे ती बघायची. कच्ची मुलगी हुकली की क्षणभर जमिनीकडे बघते, नाहीतर प्रशिक्षकाकडे. तेवढ्यात गोल होतो. हर्षितानं कुणाकडेच बघितलं नाही. ती वळली, धावली आणि फटका बसायच्या आत बाजूनं स्टिक घालून तिनं चेंडू काढून घेतला. चौथ्या चढाईत ती पुन्हा हुकली आणि पुन्हा तशीच वळली.

"पुढं जा! पुढं!" अण्णा ओरडले.

"नाही अण्णा! मागं कुणी नाही!" हर्षिता तिथूनच ओरडली आणि जागची हलली नाही. आठव्या चढाईनंतर मुलं गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकू लागली.

"बघितलंस? दोनदा हुकली," अण्णा म्हणाले.

"मी तिला दोनदा वळताना बघितलं."

"मागच्या वर्षी तू नेलेली पोर तीन सामन्यांत घरी आली. आणखी एक पडली तर तुलाही घरी बसवतील. ऐकलंय मी." अण्णांनी हात मागं बांधले. "माझी सही मिळायची नाही."

ऐकलं होतं ते खरं होतं. संघाच्या मालकांनी तिला तसं स्पष्ट बजावलं होतं. पण आता राजलक्ष्मी माघार घेणार नव्हती.

"तिला अठरा पूर्ण झालीत. तुमची सही लागत नाही." तिनं हर्षिताला हाक मारली. "आत्ता निघायचं. येतेस?"

हर्षितानं अण्णांकडे बघितलं. अण्णा दुसरीकडे बघत होते.

"येते, अक्का."

पाच मिनिटांत ती पिशवी घेऊन हजर झाली. आधारकार्डापासून वैद्यकीय दाखल्यापर्यंत सगळं फाइलीत नीट लावलेलं होतं. बचाववालीला असाच नेटकेपणा हवा, असं राजलक्ष्मीच्या मनात आलं. अण्णांच्या डोळ्यांदेखत तिनं फॉर्म भरला, फोटो काढून संघाच्या कार्यालयात पाठवला आणि नाव पक्कं झाल्याचं उत्तर त्यांच्यासमोर धरलं.

"मला न्यायला तेव्हा कुणी आलं नव्हतं, अण्णा. हिला मी नेतेय. आता अडवून दाखवा."

"ने. पण लिहून ठेव, ती तयार नाही," असं म्हणून अण्णा मैदानात विखुरलेले चेंडू गोळा करायला वळले.

शहरात शिरताना हेब्बाळच्या उड्डाणपुलावर गाडी नेहमीप्रमाणे अडकली. राजलक्ष्मीला त्याचंही काही वाटलं नाही. बारा वर्षं छातीवर ठेवलेला धोंडा आज तिनं उचलून फेकला होता, तोही त्याच माणसासमोर. नोकरी राहो की जावो, आज ती जिंकली होती. शेजारी बसलेल्या मुलीच्या खांद्यावर तिनं हात ठेवला.

"अण्णा इतकं वाईट बोलले, ते मनाला लावून घेऊ नकोस गं."

"छे, अक्का!" हर्षिता हसली. "ते सगळं त्यांनी मला कालच म्हणून दाखवलं होतं. म्हणाले, मी तुला तयार म्हटलं तर राजी तुझ्याकडे बघायचीसुद्धा नाही."