वाळूवाल्याचं इंजिन

प्लग काढला आणि भोकातून ओली वाळू टेबलावर सांडली. धम्मरत्नने ती चिमटीत चोळून पाहिली आणि ड्रमवर बसलेल्या म्हाताऱ्याकडे नजर टाकली. म्हातारा लगेच बाहेर उभ्या असलेल्या टेम्पोकडे बघू लागला.

महाळुंग्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्याच्या गाळ्यात कंपन्यांचे पंप आणि कंप्रेसर दुरुस्तीला येत. बोटीच्या इंजिनाचा ब्लॉक आज पहिल्यांदाच आला होता. म्हाताऱ्याने नाव सांगितलं खंडू. गाव विचारलं तर म्हणाला, “धरनाच्या पल्याड.” धरणाच्या पल्याड जसं काही एकच गाव होतं!

बोटीचं इंजिन गार ठेवायला बाहेरचं पाणी ब्लॉकमधून फिरवतात. ते पाणी काढून टाकायच्या भोकाला हा प्लग. भोकातले आटे पार उखडले होते. झिजून गेले असते तर गोष्ट वेगळी. इथे कडेला चक्क छिन्नीचे घाव होते.

“हे कुणी केलं, तात्या?”

“झालं आपलं आपसूक.”

“छिन्नी आपसूक चालली?”

“तुमाला काम करायचंय का पंचनामा?”

धम्मरत्न पुन्हा ब्लॉककडे वळला, पण त्याचं डोकं गप्प बसेना. इंजिनात वाळू. भोकावर छिन्नी. मालकाच्या तोंडाला कुलूप. चोरून वाळू उपसणाऱ्यांच्या बोटी सरकारी माणसं पकडतात आणि इंजिनं फोडून टाकतात, हे त्याला चांगलं माहीत होतं. मग तीच इंजिनं गुपचूप दुरुस्त होतात आणि पुन्हा पाण्यावर जातात.

मराठवाड्यातल्या त्याच्या गावी अशाच बोटींनी नदीचं पात्र पोखरलं होतं. धाकटा भाऊ बुद्धरत्न लहानपणापासूनच्या जागी पोहायला उतरला. तिथे आता कमरेएवढं पाणी नव्हतं, खड्डा होता. त्याचा देह सापडायला दोन दिवस लागले. वाळूवाला म्हटलं की धम्मरत्नचं रक्त अजून तापायचं. आणि आज एक वाळूवाला स्वतःच्या पायांनी चालत त्याच्या गाळ्यात आला होता.

“मिस्त्री,” खंडूने सहज विचारल्यासारखं विचारलं, “वाळूच्या बोटींची कामं येत्यात का हितं?”

हा आपल्याला चाचपतोय, हे धम्मरत्नने ओळखलं. त्याला बोलता करावं म्हणून तो खोटंच म्हणाला, “येतात की. आपल्याला काय, कुणाचंही काम करायचं.”

खंडूचा चेहरा दगडासारखा झाला. त्यानंतर त्याने चहासुद्धा घेतला नाही. तो नुसता धम्मरत्नच्या हातांवर डोळे रोखून बसला.

काम तसं सरळ होतं. भोक मोठं करायचं, त्यात नवे आटे पाडायचे, बाहेरून-आतून आटे असलेलं बुश, म्हणजे छोटं नळकांडं, त्यात घट्ट बसवायचं आणि बुशात प्लग. धम्मरत्नने भोक हवं त्याहून जरा जास्तच मोठं केलं. आटे नावापुरते उमटले. बुश नुसतं गोंदाच्या आधाराने उभं राहिलं. वरून काम लखलखीत दिसत होतं. चार दिवस चालेल, मग भर पाण्यात बुश उडेल. पंप बाहेरचं पाणी खेचत राहील आणि ते सगळं बोटीत भरेल. भरू दे. बुडवणाऱ्यांना कळू दे बुडणं म्हणजे काय. त्याला वाईट वाटलं नाही. उलट कितीतरी वर्षांनी छाती हलकी झाल्यासारखी वाटली.

दोघांनी मिळून ब्लॉक टेम्पोत चढवला. तेवढ्यात खंडूचा फोन वाजला. इंजिनाजवळ आयुष्य काढून कान जड झालेले, त्यामुळे फोन कायम स्पीकरवर.

“खंडूतात्या, म्या वर्षाली,” पोरीचा आवाज आला. “उद्या सकाळी लाँच सुटंल ना? कंपनीची बस पल्याड कुनासाठी थांबत न्हाई. आजचा खाडा झालाच. उद्याबी झाला तर आमा समद्या पोरींना घरी बसवत्याल.”

“सुटंल गं बाय. तुमाला पल्याड सोडल्याबिगर मी च्याबी घ्यायचा न्हाई.” खंडूने फोन खिशात टाकला आणि टेम्पोचं दार उघडलं.

पोरींनी भरलेली लाँच धम्मरत्नच्या डोळ्यांपुढे आली आणि पुढचं त्याला बघवेना. तो धावत जाऊन टेम्पोच्या आडवा उभा राहिला.

“ब्लॉक खाली घ्या, तात्या.”

“का? आता काय राह्यलं?”

“काम कच्चं आहे. चुकून नाही, मुद्दाम कच्चं ठेवलंय. मी तुम्हाला वाळूवाला समजलो. माझा भाऊ त्यांच्या खड्ड्यात गेला.”

खंडू टेम्पोचं दार सोडून त्याच्या पुढ्यात आला. आता हा आपल्या कानाखाली जाळ काढणार, असं धम्मरत्नला वाटलं. तो मागे सरकला नाही.

“आन् मी तुला त्यांचा मिस्त्री समजून तोंड शिवून बसलो,” खंडू सावकाश म्हणाला. “आरं, त्यांनी तळ ढवळून ढवळून आमच्या इंजनात वाळू भरली. म्हून मी त्यांच्या बोटींचं प्लग काढून पान्यात फेकलं. मंग त्यांनी माझ्या इंजनावर छिन्नी चालवली.”

त्याने बाह्या वर सारल्या आणि टेम्पोचं मागचं फाळकं पाडलं.

“धर त्या अंगानं. माझं काम पक्कं कर. आन् ते कच्चं कसं ठिवायचं, तेबी शिकवून ठेव मला.”