पूर्वेकडचा कोनाडा

लिफ्टवाला खांबावर टिचकी मारून बघत होता, आणि किल्लीकाका त्याच्याकडे.

“ओतीव लोखंड आहे,” किल्लीकाका म्हणाले. “वरून रंग दगडाचा. व्हिक्टोरियन मंडळींना असली हौस फार.”

लिफ्टवाला मनापासून हसला. निदान तसं दिसलं तरी. आणि तिथंच तर सगळी पंचाईत होती.

हा मुलगा लिफ्ट विकायचा. दोन मजली घराच्या मालकालाही लिफ्टवाचून आपलं अडलंय असं तो पटवून देतो, हे लेक कौतुकानं सांगायची. किल्लीकाकांना त्यात कौतुकाचं काही दिसत नव्हतं. ज्याचं पोटच गोड बोलण्यावर चालतं, त्याचं कुठलं बोलणं खरं धरायचं? प्रश्न एकुलत्या एका लेकीचा होता. दोघांचं ठरल्यातच जमा होतं, पण बाबांनी हो म्हटल्याशिवाय पुढं पाऊल टाकायचं नाही, असं तिनं त्याला बजावलं होतं. म्हणून आज, हॉल बंद असतो त्या दिवशी, ती त्याला घेऊन आली होती.

या हॉलचे केअरटेकर म्हणून किल्लीकाकांना एकतीस वर्षं झाली होती. कमरेच्या जुडग्यामुळं त्यांचं खरं नाव लोक विसरले होते, आणि त्यांची त्याला हरकत नव्हती. त्यांनी पाहुण्याला टोकदार कमानींच्या खिडक्या दाखवल्या, त्यांतल्या रंगीत काचा दाखवल्या, जमिनीतल्या पितळी जाळ्या दाखवल्या. पूर्वी तळघरातली ऊब या जाळ्यांतून वर यायची. लिफ्टवाल्यानं नेमके प्रश्न विचारले. किल्लीकाकांचा संशय आणखी वाढला.

मग ते दोघांना गॅलरीत घेऊन गेले. गॅलरीची मागची भिंत अर्धगोल होती आणि तिच्या दोन्ही टोकांना एकेक कोनाडा होता, आत दगडी बाक. दोघांना त्यांनी पश्चिमेकडच्या कोनाड्यात बसवलं. छत तिथून छान दिसतं, म्हणाले, तोवर मी खिडक्या लावून येतो. वरच्या झडपांच्या दोऱ्या पूर्वेकडच्या कोनाड्यात होत्या, हे खरंच होतं.

फक्त सगळं खरं तेवढंच नव्हतं. पश्चिमेच्या कोनाड्यात कुणी कुजबुजलं की ते भिंतीच्या गोलाईवरून सरकत येऊन पूर्वेच्या कोनाड्यात कानाशी बोलल्यासारखं ऐकू यायचं. मधल्या चाळीस पावलांत मात्र एक अक्षर नाही. बांधणाऱ्यानं हे मुद्दाम केलं की त्याच्या हातून घडून गेलं, कोण जाणे. किल्लीकाकांना नोकरीच्या पहिल्याच वर्षी शोध लागला आणि त्यांनी कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. बायकोला तर नाहीच नाही.

बायको दुपारी डबा घेऊन यायची. ते दोऱ्या ओढेपर्यंत ती लहानग्या लेकीला मांडीवर घेऊन समोरच्या कोनाड्यात बसायची आणि तिच्याशी मनातलं बोलायची. शिवणयंत्र असतं तर बरं झालं असतं, गं. पुढच्याच महिन्यात शिवणयंत्र घरात. एकदा समुद्र बघायचाय, गं. किल्लीकाका गाडीची तिकिटं घेऊन हजर. दर वेळी ती डोळे मोठे करून विचारायची, “तुम्हाला कसं कळलं?” ते नुसते हसायचे. चार वर्षांपूर्वी ती गेली. आपण तिला मागायची वेळ येऊ दिली नाही, याचं समाधान त्यांना आजही पुरत होतं.

किल्लीकाका बाकावर टेकले. वाजू नयेत म्हणून त्यांनी किल्ल्या मुठीत घट्ट धरल्या आणि कान टवकारले.

“आपण गेल्यावर बाबांचं कसं होणार?” लेक विचारत होती.

“मी त्याचाच विचार करतोय,” लिफ्टवाला म्हणाला. “घर पुलाच्या अलीकडेच बघू. मला कामावर जायला तास जास्त लागेल, लागू दे. रोज संध्याकाळी तू इथं चक्कर मारू शकशील. आणि खरं सांगू? मला वाटलं होतं ते पगार विचारतील. ते खांबांबद्दल बोलत बसले. मला आवडले तुझे बाबा.”

किल्लीकाकांचा जीव भांड्यात पडला. बाकावरून उठताना त्यांना गुडघेसुद्धा दुखले नाहीत.

चाळीस पावलं चालून ते समोर जाऊन उभे राहिले आणि आपलं हो असल्याचं सांगून टाकलं. वर सहज सुचल्यासारखं म्हणाले, “घर मात्र पुलाच्या अलीकडे बघा, असं मला वाटतं.”

लिफ्टवाला चाट पडला. लेकीनं डोळे मोठे केले, अगदी आईसारखे. “बाबा, तुम्हाला कसं कळलं?”

ते नुसते हसले. चहा टाकतो म्हणून खाली निघाले. अर्ध्या जिन्यात त्यांच्या लक्षात आलं की आनंदाच्या भरात खिडक्या लावायच्या राहूनच गेल्या. ते पूर्वेच्या बाजूनं परत वर आले. सवयीनं किल्ल्या मुठीत धरल्या आणि दुसऱ्या हातानं दोरी पकडली.

“तू इथं बोललास ते सगळं पलीकडे ऐकू जातं,” लेकीची कुजबुज आली. “भिंतच तशी आहे.”

“मग मला आधी सांगायचंस ना.”

“तू लिफ्ट विकतोस. सांगितलं असतं तर विकायला बसला असतास. मला खरं काय ते बाबांच्या कानावर जायला हवं होतं.” ती हसत असावी. “मी सहा वर्षांची असताना आईनं मला शिकवलं. म्हणाली, बाबांकडे तोंडावर काही मागितलं की ते अवघडतात. ते दोऱ्यांपाशी गेले की इथं बसायचं, हळूच भिंतीला सांगायचं, आणि त्यांनी आणून दिलं की डोळे मोठे करून विचारायचं, तुम्हाला कसं कळलं?”